मोटारगाडीतील ध्वनिफीत वादक

मोटारगाडीतील ध्वनिफीत वादक : मोटारगाडीच्या दर्शनी फळीत बसविलेले व कॅसेटमधील चुंबकीय फितीवर मुद्रित केलेला ध्वनी ऐकविणारे विद्युत् उपकरण. बहुधा ते रेडिओग्राहीशी जोडलेले असे व दोहोंची नियंत्रणे एकाच मुखपट्टीवर असत. बोलीत त्यास ‘कार टेप’ किंवा नुसते ‘टेप’ म्हणत. १९६८ च्या सुमारास प्रचारात आलेले हे उपकरण १९८० व १९९० या दोन दशकांत जगभर रूढ झाले आणि २०१० नंतर नव्या गाड्यांतून जवळजवळ नाहीसे झाले. घरी ऐकणारा मोकळा असतो. गाडीत मात्र चालकाची दृष्टी रस्त्यावर आणि निदान एक हात सुकाणू चक्रावर असावाच लागतो. त्यामुळे ध्वनी किती शुद्ध आहे यापेक्षा उपकरण न पाहता व एका हाताने चालविता येते की नाही, यालाच या क्षेत्रात अधिक महत्त्व आले.

इतिहास : हा प्रश्न ध्वनिफितीच्या आधीचा आहे. अमेरिकेत गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटारगाडीतील रेडिओ विक्रीस आणला. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीचा रेडिओ आला. त्याचे वजन सुमारे १५ किग्रॅ. होते. एवढी पेटी चालकाच्या हाताशी ठेवणे अशक्य असल्याने ती दूर बसवून तिचे नियंत्रण सुकाणूपाशी आणावे लागले. सुकाणूवरील नियंत्रणे ही अलीकडची सोय मानली जाते. वस्तुतः पहिल्या पिढीतच ती गरजेपोटी जन्मास आली होती. संगीताने चालकाचे लक्ष विचलित होईल अशी भीती त्याच वेळी व्यक्त झाली आणि अमेरिकेत काही ठिकाणी अशा रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्तावही पुढे आले.

रेडिओवर काय लागेल हे प्रसारण केंद्र ठरवी. ऐकणाऱ्याला स्वतःची निवड गाडीत नेता यावी म्हणून पहिला लक्षणीय प्रयत्न ध्वनिमुद्रिकेचा झाला. पीटर गोल्डमार्क यांनी विकसित केलेला व मिनिटाला १६ २/३ फेरे घेणाऱ्या ७ इंची तबकड्या वाजविणारा ‘हायवे हाय-फाय’ क्राइसलर कंपनीने आपल्या १९५६ च्या गाड्यांत दिला. तबकड्या खास त्याच्यासाठीच काढलेल्या असल्याने निवड तुटपुंजी राहिली. शिवाय तबकडी बदलणे म्हणजे फळीखालचा खण ओढून सुई उचलणे आले. काही वर्षांतच हा प्रयोग सोडून द्यावा लागला.

यानंतर चुंबकीय फीत आली. अर्ल मंट्झ यांनी १९६०–७० या दशकाच्या प्रारंभी चार मार्गांच्या फितीची डबी कॅलिफोर्नियात लोकप्रिय केली व १९६४ मध्ये विल्यम लिअर यांनी आठ मार्गांची डबी पुढे आणली. फोर्ड कंपनीने १९६६ च्या गाड्यांत ती उपलब्ध केल्यावर तिचा प्रसार झपाट्याने झाला. हिच्यात ६·३५ मिमी. रुंदीची फीत एकाच चकतीवर अखंड वेटोळ्यात असे व सेकंदाला ९·५ सेंमी. वेगाने फिरे. डबी खाचेत ढकलली की वादन सुरू होई. हाताळणीला याहून सोपे साधन नव्हते. परंतु फीत मागे नेता येत नसे, मार्ग बदलताना ‘खट्’ असा आवाज होई आणि लांब गाणे कधीकधी मध्येच तोडून दोन मार्गांत विभागावे लागे.

कॅसेट हिच्या तुलनेने सर्वच बाबतींत लहान होती. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ही कॅसेट ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात मांडण्यात आली. आकार ठरविताना ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा नमुना म्हणून वापरला होता. फितीची रुंदी ३·८१ मिमी. व वेग सेकंदाला फक्त ४·७६ सेंमी.; त्यामुळे आरंभी ती संगीतापेक्षा श्रुतलेखनालाच योग्य समजली गेली. फिलिप्सने इतर उत्पादकांना विनामूल्य अनुज्ञप्ती दिल्याने एकच प्रमाण जगभर रूढ झाले. रे डॉल्बी यांच्या खरखर कमी करणाऱ्या पद्धतीने १९७० नंतर ध्वनीची गुणवत्ताही पुष्कळ सुधारली. तथापि गाडीत तिचा जय झाला तो मुख्यतः अन्य कारणांनी : ती खिशात मावे, फीत मागेपुढे नेता येई आणि घरी बसून स्वतः भरता येई.

रचना व चालन : खाचेत कॅसेट आत ढकलली असता एका ठराविक बिंदूनंतर यंत्रणा तिला स्वतःच ओढून खाली बसवी. तिच्या दोन चक्रांत दोन दाते शिरत, चुंबकीय शीर्ष फितीला टेके आणि रबरी रूळ फितीस ‘कॅपस्टन’ नावाच्या बारीक पोलादी दंडावर दाबून धरी. फितीचा वेग या दंडाच्या फिरण्यावर ठरे. गाडीच्या विद्युत् दाबात होणारे चढउतार आणि रस्त्यावरील हिसके यांमुळे सूर डळमळू नये म्हणून दंडाला जड प्रचक्र जोडलेले असे. बहुतेक वादकांत फीत उघडी असलेली कड उजवीकडे ठेवून कॅसेट घालावी लागे. ही दिशा सवयीने बोटांनाच कळे. अंधारातही चालक फितीची कड चाचपून कॅसेट बरोबर घाली.

मुखपट्टीची जुनी मांडणी विशेष उल्लेखनीय आहे. डाव्या दंडावरील गुंडी फिरविली की उपकरण सुरू होई व आवाज वाढे. तिच्या मागील कड्याने मंद्र किंवा तार स्वरांचे प्रमाण बदले. उजव्या दंडावरील गुंडी केंद्र लावण्यासाठी, तर तिच्यामागील कडे डाव्या-उजव्या अथवा पुढच्या-मागच्या ध्वनिक्षेपकांतील समतोलासाठी असे. मध्ये रेडिओची पाच कळबटणे. केंद्र एकदा नीट लावून बटण बाहेर ओढावे व पुन्हा पूर्ण आत दाबावे, म्हणजे ते स्थान यांत्रिक रीत्या पक्के होई. पुढे बटण दाबताच काटा तेथे सरके. प्रत्येक क्रियेला वेगळी जागा, वेगळा आकार व वेगळा प्रतिरोध असल्याने डोळ्यांचे काम बोटे करीत.

स्वस्त वादकांत फितीसाठी एकच बटण असे. ते अर्धे दाबल्यास फीत वेगाने पुढे जाई, पूर्ण दाबल्यास कॅसेट बाहेर येई. मागे नेण्याची सोयच नसल्याने कॅसेट काढून उलटी घालावयाची, फीत पुढे पळवावयाची व पुन्हा सुलटी करावयाची, असा खटाटोप करावा लागे. स्वयंचलित उलटवादनाने तो टळला. त्यात दोन्ही दिशांसाठी स्वतंत्र दंड व रूळ असत आणि बाजू संपताच फीत उलट दिशेने वाजू लागे. मात्र दोन्ही दिशांना शीर्षाचा कोन तंतोतंत जुळणे अवघड असल्याने एक बाजू किंचित मंद ऐकू येण्याची तक्रार नेहमीची होती.

‘लाउडनेस’ ही कळ पुष्कळांना आवाज वाढविण्याची वाटे. वास्तविक, आवाज लहान असताना मानवी कानाला मंद्र स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. ती उणीव भरून काढण्यासाठी ही कळ असे. डॉल्बीची कळ मुद्रणाशी जुळवून लावावी अशी सूचना पुस्तिकेत असे. पण ती बंद ठेवल्यास तार स्वर अधिक उठून येत व फितीची खरखर इंजिनाच्या आवाजात बुडून जाई, म्हणून अनेक चालक ती मुद्दामच बंद ठेवीत. धावत्या गाडीपुरते त्यांचे वागणे चुकीचे होते असे म्हणवत नाही.

निगा राखणे आवश्यक असे. शीर्ष व रूळ स्पिरिटात बुडविलेल्या कापसाने पुसावे लागत. कॅसेट आत असतानाच गाडी बंद केल्यास रूळ दंडावर दाबलेला राहून त्यावर खाच पडे. चांगल्या वादकांत चावी फिरविताच तो आपोआप सुटे. दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटे चालणाऱ्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मी. फीत असे, १२० मिनिटांची फीत त्याहूनही पातळ असल्याने ती दंडाभोवती गुंडाळली जाण्याचा धोका मोठा. उन्हात तापलेल्या फळीवर ठेवलेली कॅसेट वाकडी होई. सैल पडलेली फीत षट्कोनी पेन्सिल चक्रात घालून गुंडाळण्याची युक्ती तर घरोघरी ठाऊक होती.

भारत : अँबॅसडर व प्रिमियर पद्मिनी या गाड्यांत टेप बहुधा खरेदीनंतर बाहेरून बसवून घेत, मागील काचेखालची फळी कापून तीत लंबवर्तुळाकार ध्वनिक्षेपक बसविण्याची पद्धत होती. येथे टेपला आलेले महत्त्व आकाशवाणीच्या वेळापत्रकाशीही निगडित आहे. प्रक्षेपण दीर्घकाळ सकाळ, दुपार व सायंकाळ अशा सभांत विभागलेले असे व रात्री अकराच्या सुमारास शेवटची सभा संपे. रात्रभर मालवाहू गाडी हाकणाऱ्या चालकाला त्यापुढे जागे ठेवणारे साधन म्हणजे टेपच. १९८० नंतर लहान कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी काढण्यास प्रारंभ केल्यावर कोळीगीते, भीमगीते, भारुडे व लोकनाट्ये यांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांचे आवाज गावोगाव पोचले. पश्चिम महाराष्ट्रातील ‘वडाप’ जीपगाड्यांत कोणती कॅसेट लावायची हे मात्र चालकच ठरवी. दाटीने बसलेल्या उतारूंना ती ऐकावीच लागे. निवडीचे स्वातंत्र्य केंद्राकडून गाडीत आले खरे, पण ते एकाच व्यक्तीच्या हाती राहिले.

ऱ्हास : १९८४ मध्ये गाडीसाठी सघन तबकडी वादक आले. त्याच वर्षी, मूळ जर्मन प्रमाणावर आधारलेले सुमारे १८० मिमी. × ५० मिमी. मुखपट्टीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही निश्चित झाले. तेवढ्याच जागेत इलेक्ट्रॉनीय स्मृती, आलेखदर्शक व चोरीच्या भीतीने काढून नेता येणारी मुखपट्टी सामावताना गुंड्या गेल्या व सारख्या आकाराची बारीक बटणे दाटीने आली. सोयी वाढल्या; बोटांना मिळणारी खूण नष्ट झाली. कॅसेटची खाच मात्र काही काळ निराळ्याच कामी आली. कॅसेटच्या आकाराच्या कवचात छोटे शीर्ष बसवून त्याद्वारे खिशातील तबकडी वादकाचा संकेत गाडीच्या शीर्षाला देणारा जोड पुष्कळांनी वापरला. अमेरिकेत कारखान्यातूनच कॅसेट वादक बसवून विकलेली शेवटची नवी गाडी २०१० ची लेक्सस एससी ४३० होती, असे मानले जाते.

कॅसेट वादकाची जागा पुढे स्पर्शपटलाने घेतली. स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किमी. वेगाने गाड्या चालवून चार साध्या कामांना लागणारा वेळ मोजला. रेडिओ सुरू करून ठराविक केंद्र लावणे हे त्यांतीलच एक. गाड्यांची ओळख करून घेण्यास चालकांना आधी अवधी दिला होता. बटणांची २००५ ची व्होल्व्हो व्ही ७० गाडी १० सेकंदांत, म्हणजे ३०६ मी. अंतरात, पार पडली. स्पर्शपटलाच्या सर्वांत मंद गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले व तेवढ्यात तिने १,३७२ मी. अंतर कापले. युरो एनकॅप या युरोपीय सुरक्षा-परीक्षण संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांकनासाठी वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, काचपुसणी व आपत्कालीन मदत यांसाठी प्रत्यक्ष बटणे किंवा दांड्या आवश्यक ठरविल्या. आवाज कमीजास्त करण्याची गुंडी या यादीत नाही.