केसांचे भांडवल



वसंत ऋतूतील या व्यासपीठावरून आपण राज्यांचे, क्रांत्यांचे आणि संतांचे इतिहास ऐकत आला आहात. आज मी केसांचा इतिहास सांगावयास उभा आहे. विषय हलका वाटेल; परंतु ज्या गोष्टीपायी ऐन विशीतले कामगार पतपेढीचे कर्ज काढावयास निघतात, ती गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला हलकी मानता येत नाही. मी वैद्य नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा वाचलेले आणि पाहिलेले तेवढेच सांगतो.

टकलाची लाज जुनी आहे. रोमचा ज्यूलिअस सीझर मागचे विरळ केस पुढे ओढून बसवीत असे, आणि सिनेटने दिलेल्या सन्मानांपैकी डोक्यावर सदैव विजयमाला घालण्याचा हक्क त्याला सर्वांत प्रिय होता, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. जगज्जेत्यालाही डोके झाकावेसे वाटले, मग आमच्या पोरांना हसावयाचे कारण नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या सूत्रांत खोजांना टक्कल पडत नाही, असे निरीक्षण आहे. त्याचा उलगडा होण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने तो उलगडा केला. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना पुरुषी संप्रेरक टोचले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस गळू लागले. टोचणे थांबविले की गळती थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. म्हणजे टकलाला वारसा लागतो, संप्रेरक लागते आणि वय लागते. यातले वय तेवढे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा वाद वयाचाच आहे.

केस रोपण्याची कल्पना त्याआधीच जपानात फळाला आली होती. शोजी ओकुदा या त्वचावैद्याने १९३९ साली आपले निबंध प्रसिद्ध केले. भाजून किंवा जखमांच्या व्रणांनी केस गमावलेल्या रुग्णांच्या डोक्यावर आणि भुवयांवर त्याने केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे बसविले होते. पण जगात महायुद्ध पेटले आणि जपानी भाषेतले ते काम पाश्चात्त्यांच्या नजरेला पडले नाही.

न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक याने १९५२ साली पुरुषी टकलावर हे रोपण केले आणि १९५९ साली आपले निष्कर्ष छापले. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातले केस सहसा गळत नाहीत. ते उचलून टकलावर लावले तरी ते आपल्या मूळ जागेचाच स्वभाव पाळतात. कोकणातला माणूस चाळीस वर्षे मुंबईत राहिला तरी बोलीवरून गाव ओळखू येते, तसेच हे. साऱ्या केशरोपणाचा पाया हा एवढाच आहे.

परंतु पाया पक्का म्हणून घर चांगले होतेच असे नाही. त्या काळी सुमारे चार मिलिमीटर रुंदीचे तुकडे काढीत, एकेका तुकड्यात केसांचा झुबका असे. डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. त्याहून मोठी अडचण पुढे आली. ज्यांनी तरुणपणी कपाळावर झुबके लावून घेतले, त्यांचे मागचे मूळचे केस वयाबरोबर गळत गेले. पुढे झुडपांची रांग आणि मागे उघडे माळरान, असे दृश्य उरले. आधीचे रोपण दुरुस्त करणे हीच पुढे या शल्यकर्माची एक शाखा होऊन बसली.

त्यानंतर सुधारणा झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केस एकेकटे नव्हे, एक ते चार केसांच्या जुडीने उगवतात, हे १९८४ साली हेडिंग्टन याने दाखविले. १९८८ पासून टेक्सासमधील बॉबी लिमर सूक्ष्मदर्शकाखाली या जुड्या सोडवून लावू लागला. २००२ साली बर्नस्टाइन आणि रासमन यांनी पट्टी न कापता एकेक जुडी थेट उपटण्याच्या पद्धतीवर निबंध छापला. आज कुशल हाताने केलेले काम ओळखूही येत नाही.

मग विशीतल्या मुलाने ते का करू नये? भाताच्या लावणीचे उदाहरण घ्या. तरव्यातले रोप उपटून खाचरात लावले की ते फुटवे धरते, एकाचे अनेक होते. केस फुटवे धरीत नाही. मागचा एक केस पुढे आला की मागे एक कमी झाला. नवा केस एकही निर्माण होत नाही. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, पण उचलता येण्याजोग्या जुड्या आयुष्यभरात काही हजारच. हे भांडवल एकदाच मिळते. बाविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार हे कोणालाच ठाऊक नसते. पोराची रेषा खाली आणण्यात भांडवल संपले, तर चाळिशीत उघड्या पडणाऱ्या माथ्याला काय द्यावयाचे? म्हणूनच पुष्कळ अनुभवी शल्यवैद्य पंचविशीच्या आत हात घालावयास नाखूश असतात.

आमच्या औद्योगिक वसाहतीतला एक कंत्राटी कामगार असाच कर्जाचा अर्ज घेऊन आला होता. वय बावीस. म्हणाला, "काका, दोन ठिकाणी मुलगी पाहिली, दोन्हीकडून नकार आला. फोटो बघूनच नाही म्हणतात." त्याच्या दुःखाला मी क्षुल्लक म्हटले नाही. फक्त विचारले, "तुझे कंत्राट किती महिन्यांचे, आणि हप्ते किती वर्षांचे?" तो गप्प राहिला. मग म्हणालो, "आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. तुझे वडील, मामा यांचे डोके कसे गेले ते त्याला सांग. मग ठरव." अर्ज त्याने परत खिशात घातला.

औषधाचा मार्गही आता आहे. मिनॉक्सिडिल हे लावावयाचे औषध १९८८ साली अमेरिकेत मान्य झाले, फिनास्टेराइडची गोळी १९९७ साली. दोन्ही घेतली तोवरच चालतात. गोळीने काहींना लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम होतात, म्हणून ती वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. पण उरलेले केस टिकविणे आणि टकलाचा वेग काही वर्षे पाहणे, हे तरुणाला औषधाने साधते. शस्त्रक्रियेची वाट त्याने बंद होत नाही.

आणि धंद्याचे काय? २०१६ साली चेन्नईत केशरोपण करून घेतलेल्या २२ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. जो स्वतः डॉक्टर होऊ घातला होता, त्याचीही ही गत! २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लेखी सांगावे लागले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे अशा शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण नव्हे. पाटीवर नाव एकाचे आणि सुरी दुसऱ्याच्या हाती, ही रीत आम्हा कामगारांना कंत्राटदारीतून चांगली ओळखीची आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी विचारा: कापणार कोण, त्याची पदवी कोणती, भूल कोण देणार, काही बिघडले तर जवळ इस्पितळ आहे काय?

तरुणांनी केस लावू नयेत, असा फतवा काढावयास मी आलो नाही. ज्याचे डोके त्याचा निर्णय. पण जाहिरात म्हणते, आजच या. इतिहास म्हणतो, टकलाला आपली मर्यादा दाखवू द्या, ती कळेपर्यंत मागचे केस कुठे पळून जात नाहीत. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी येथे मुलींसाठी स्थळे पाहावयाची आहेत, त्यांना एवढीच विनंती, की मुलाचे काम, वागणूक आणि व्यसन यांची चौकशी आधी करा. कपाळाची रुंदी शेवटी मोजलीत तरी चालेल.