सोंगाचें पूर्ववृत्त

परवां लातूर मुक्कामीं एका स्नेह्यांच्या घरीं चार-पांच तरुण मंडळी मेजाभोंवतीं बसून एक खेळ खेळत होती. सोंगट्या थोड्या, फांसे पुष्कळ, आणि बोलणें त्याहूनहि अधिक. एकजण सूत्रधार, व बाकीच्यांनीं एकेक पात्र घेतलेलें. पात्रानें काय करावें हें खेळणारानें सांगावयाचें, आणि तें साधलें कीं फसलें हें फांशानें ठरवावयाचें. अमेरिकेंत 1974 सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध झाला, त्याच्याच वंशांतला हा.

खेळापूर्वीं प्रत्येकानें आपल्या पात्राचें पूर्ववृत्त लिहून आणावयाचें, असा दंडक होता. एका गृहस्थांनीं तीन पानें भरून आणलीं होतीं. राज्य बुडालें, आईबाप मारले गेले, अरण्यांत गुरु भेटला, तरवार मिळाली! खेळ रंगल्यावर मात्र त्या तीन पानांतील एक ओळहि त्यांच्या कामास आली नाहीं. दुसऱ्यानें एवढेंच लिहिलें होतें कीं, आपण धाकट्या भावाच्या नांवावर सावकाराचें कर्ज काढलें आहे आणि भावास तें ठाऊक नाहीं. सारी संध्याकाळ खेळ त्या कर्जाभोंवतीं फिरत राहिला.

असें कां व्हावें, याचा विचार करतां आम्हांस आमच्याच भागांतील जुन्या पात्रांची आठवण झाली. गोंधळ्याचेंच पहा. नांदेड जिल्ह्यांतील माहूर आणि लातुराहून फार दूर नसलेलें तुळजापूर, हीं त्याचीं दोन पीठें. रेणुराई व कदमराई या त्याच्या शाखा त्यावरूनच पडल्या. संबळावर टिपरूं पडण्यापूर्वींच तो कोणाचा हें ठरलेलें असतें. परशुरामानें बेटासुराचा वध करून त्याच्या शिराला तंतु ओवले, आणि तें वाद्य वाजवीत माहुरीं रेणुकामातेला वंदन केलें, तो पहिला गोंधळ, अशी त्याची कुळकथा आहे. तिला इतिहास म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण त्या कथेमुळें लग्नघरीं उभा राहिलेला गोंधळी नुसता गवई उरत नाहीं. आईच्या सेवेचें पिढ्यान्‌पिढ्यांचें देणें फेडावयास तो आलेला असतो.

या कलेचे खरे आचार्य मात्र गोदावरीच्या वरच्या अंगास, पैठणास झाले. 1599 सालीं समाधिस्थ झालेल्या एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गारुडी, आंधळा, पांगळा, महार, फकीर असे किती तरी लोक येतात, आणि ते बहुधा स्वतःच्याच तोंडानें आपली हकीकत सांगतात. सोंगी भारुडांत तर गडी तो वेष घेऊनच उभा राहतो, आणि पदांच्या मधल्या जागा पदरच्या बोलण्यानें भरून काढतो. आमच्या तरुणांच्या खेळाशीं याचें नातें अगदीं जवळचें आहे.

नाथांचे गुरु जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्यापाशीं असतांना हिशेबांतील एका पैच्या चुकीसाठीं नाथांनीं रात्र जागून काढली, ही आख्यायिका घरोघरीं मुलांना ठाऊक असते. ती कशीहि असो, सरकारी दप्तराची फारसीमिश्रित भाषा नाथांच्या जिभेवर किती खेळत होती, हें ‘अर्जदास्त’ या भारुडावरून दिसतें. त्यांत जीव हा शेखदार, म्हणजे वसुलीचा अंमलदार. बुद्धि त्याची कारकून. आणि शरीर हा परगणा. धन्याची आज्ञा घेऊन तो कामावर रुजू झाला खरा, पण दंभ, काम, क्रोध, ममता हे तेथील वतनदार त्याचें कांहींएक चालूं देत नाहींत, अशी त्याची फिर्याद आहे. नाथांनीं या अंमलदाराचें बालपण सांगितलें नाहीं कीं पराक्रम सांगितले नाहींत. त्याला कोणीं पाठविलें, कोणतें काम सोंपविलें आणि तें कोणीं अडविलें, एवढेंच सांगितलें. पुढचा सारा अर्ज त्यांतून आपोआप निघतो. तीन पानांच्या त्या राजपुत्राला कोणी पाठविलेलें नव्हतें, आणि तो कोणाचें कांहीं लागतहि नव्हता!

परंतु या विषयाला दुसरी एक बाजू आहे, ती टाळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, तमाशाचे फड, भंडाऱ्याची उधळण, आणि या गर्दींत वाघ्या-मुरळी. जागरणांत नाचणारी मुरळी पाहणाऱ्याला एक पात्रच वाटते. पण तिचें पूर्ववृत्त म्हणजे आईबापांचा नवस. मूल जगावें, दुखणें हटावें, म्हणून मुलगी देवाला वाहावयाची, तिचें लग्न खंडोबाशीं लावावयाचें, आणि मग तिला दुसरा संसार नाहीं. मुंबई इलाख्यांत देवदासींच्या संरक्षणाचा कायदा 1934 सालीं झाला. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें त्याची हद्द येथवर पोंचत नव्हती. सबंध महाराष्ट्रासाठीं असा कायदा व्हावयास 2005 साल उजाडावें लागलें. जिचें पूर्ववृत्त दुसऱ्यांनींच लिहिलें, तिला यात्रा उठल्यावर तें मेजावर ठेवून घरीं जाण्याची सोय नव्हती.

लातूरच्या त्या मंडळींतील एका मुलीनें पुढल्या खेळांत मुरळीचें पात्र घ्यावयाचें मनांत आणलें आहे. पूर्ववृत्त काय लिहूं, असें तिनें आम्हांस विचारलें. नवस कोणीं केला, कशासाठीं केला, आणि ज्याच्यासाठीं केला त्याला तो माहीत आहे काय, एवढें आधीं ठरीव, असें आम्हीं तिला सांगितलें. नवस आजीनें केला, इतकें तिनें ठरविलें आहे. कशासाठीं, तें अजून सांगत नाहीं.