'फ्री' या शब्दाचे विरुद्धार्थी



१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जे शिक्षण सांगितले, त्याला इंग्रजी पाठात दोन विशेषणे जोडलेली आहेत : 'फ्री' आणि 'कंपल्सरी'. नुकताच इंग्रजी शिकू लागलेला एखादा चौकस मुलगा विचारील, "गुरुजी, फ्री म्हणजे स्वतंत्र ना? मग जे स्वतंत्र ते सक्तीचे कसे?" मराठीत ही अडचण उद्भवतच नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. या दोन शब्दांचे एकमेकांशी भांडण आहे असे कोणास वाटले नाही. कारण मोफत या शब्दाचा विरोध फीशी आहे, सक्तीशी नाही.

इंग्रजांच्या या एका शब्दाचे काम मराठीत किती शब्द करतात ते पाहा. कैदी सुटला की तो मुक्त, देश स्वतंत्र, रस्ता मोकळा, बाजार खुला, खुर्ची रिकामी आणि पैसे न मोजता मिळाले तर फुकट. इंग्रज या सर्वांना 'फ्री' म्हणतो. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ कळावयाचा असेल तर एक साधी युक्ती करावी. त्या ठिकाणी त्याचा विरुद्धार्थी शब्द कोणता, हे आधी विचारावे. मुक्ताच्या उलट बद्ध, खुल्याच्या उलट बंद, फुकटाच्या उलट विकत. इतिहासही याच रीतीने वाचला म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

या शब्दाचे मूळ शोधू जाता आपण आपल्याच दारात येतो. 'फ्री' आणि आपला संस्कृत 'प्रिय' हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले शब्द आहेत. मित्रवाचक 'फ्रेंड' हा त्यांचाच भाऊबंद. भाषाशास्त्रज्ञ याची उपपत्ती अशी लावतात, की घरात दोन प्रकारची माणसे असत. एक आपली, म्हणजे प्रिय. दुसरी विकत घेतलेली किंवा युद्धात धरून आणलेली. जी आपली ती 'फ्री'. गुलामवाचक 'स्लेव्ह' हा शब्द तर स्लाव्ह लोकांच्या नावावरून आला, कारण मध्ययुगात त्यांना मोठ्या संख्येने पकडून विकण्यात येई. तात्पर्य, ज्याला आपला म्हणणारे कोणी आहे तो 'फ्री', असा हा आरंभीचा अर्थ होता.

आता १२१५ सालाकडे वळू. इंग्लंडच्या जॉन राजाकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा ही सनद मिळविली. देशाच्या कायद्यावाचून कोणाही 'फ्री' मनुष्यास धरू नये वा कोंडू नये, असे तिच्यात अभिवचन आहे. वचन थोर खरेच. परंतु त्या शब्दाच्या उलट त्या वेळी कोण उभा होता? जमीनदाराच्या जमिनीशी बांधलेला शेतकरी. इंग्लंडच्या रयतेचा फार मोठा भाग असा बांधलेला होता. म्हणजे ज्या शब्दाने संरक्षण दिले, त्याच शब्दाने कुंपणही घातले. ते कुंपण हळूहळू मोडत गेले म्हणूनच त्या सनदेला पुढे एवढी थोरवी आली.

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. सुमारे आठ लक्ष माणसे त्यामुळे सुटावयाची होती. पण मोठ्या माणसांना सुटताच उमेदवारीच्या नावाखाली पुन्हा जुन्याच मालकांकडे राबविण्यात आले. ती उमेदवारी १८३८ साली संपली. दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, तीही मालकांना! गुलामाला एक छदामही मिळाला नाही. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला हा कायदा लागू नव्हता. इकडे त्यासाठी १८४३ चा कायदा यावा लागला.

या शब्दाचा खरा विरुद्धार्थी आपल्याकडे कोणी ओळखला असेल तर तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. समुद्रापलीकडच्या बेड्या पाहून थक्क होणारे पुष्कळ होते. परंतु शूद्रातिशूद्रांच्या पायांतल्या बेड्यांना तेच नाव फुल्यांनी दिले.

व्यापारातही हा शब्द असाच फिरला. १८४६ साली इंग्लंडने परदेशी धान्यावरचे जुने कायदे रद्द केले आणि 'फ्री ट्रेड' हे जणू त्या राष्ट्राचे ब्रीद झाले. येथे विरुद्धार्थी शब्द जकात. हिंदुस्थानात १८८२ साली परदेशी कापडावरची जकात उठविण्यात आली. पुढे तिजोरीला पैसा हवा म्हणून ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर, असा न्याय झाला. हा कर १९२६ साली रद्द झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हेच बजावले होते, की एका देशाला मानवलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखेच लावता येत नाहीत. बलवान आणि दुर्बळ यांना एकाच हौद्यात उतरवून कुस्ती खुली आहे म्हणणे सोपे असते. ती कोणाला खुली, हे विचारणे अवघड.

आज 'फ्री' हा शब्द आपल्या मराठी बोलण्यातही येऊन बसला आहे. दुकानात एकावर एक फ्री, मित्र म्हणतो आज मी फ्री नाही. त्यात वावगे काही नाही. मात्र आपल्याजवळ मुक्त, स्वतंत्र, खुले, मोकळे आणि फुकट हे निरनिराळे शब्द असताना ते एकाच पोत्यात भरले, तर विचार करण्याचे एक साधन आपण हातचे घालवू.

तेव्हा त्या चौकस मुलाला गुरुजींनी काय सांगावे? बाळा, फी नाही म्हणून ती शाळा मोफत, आणि सक्ती आहे ती तुला शाळेत न घालणाऱ्या तुझ्या बापावर. या दोन्ही गोष्टी केल्या त्या तू अज्ञानात बांधला जाऊ नयेस म्हणून. 'फ्री'चा तो तिसरा अर्थ मात्र कायद्याने हाती पडत नाही. तो ज्याचा त्याने मिळवावयाचा असतो.