परका कांदा

मिनेसोटात पारा कधीकधी उणे ३० सेल्सिअसपर्यंत उतरतो, तरी बर्फ वितळला की परसातला हा कांदा आपणहून वर येतो. दरवर्षी लावायला नको. नाव 'वेल्श अनियन'. पण गंमत म्हणजे वेल्सशी याचं काही नातं नाही! (वेल्सचं राष्ट्रीय चिन्ह लीक, म्हणजे कांद्याचाच भाऊबंद, गोंधळात आणखी भर.)

याचं मूळ चीनकडचं. तिथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ याची लागवड होते आहे. जपानी मिसो सूपवर तरंगणारी 'नेगी'ची पात ती हीच. युरोपात पोचल्यावर मात्र हा 'वेल्श' झाला. जर्मन कुळातल्या जुन्या भाषांत 'वेल्श' म्हणजे परका. वेल्सचं नावही त्याच शब्दातून आलं. अँग्लो-सॅक्सन मंडळी समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आली आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांनाच परके म्हणू लागली! इथे अमेरिकेत टॅक्सच्या फॉर्मवर आम्हीही 'रेसिडेंट एलियन'च. असो.

याचा गड्डा नावापुरताच, खायची ती पात. कापताना बुडखा जमिनीत राहू द्यायचा, पुन्हा फुटतो. झुणक्यात एकदम फर्मास.