डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागलाय? अमरावती-अकोला प्रवासाला निघण्याआधी हे समजून घ्या

समजा, सकाळी अमरावतीहून अकोल्याला निघालात. बडनेरा मागे पडलं आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. ब्रेक तर नीट लागतोय, आवाजही नाही. मग पुढे जायचं की परत फिरायचं?

हे त्या दिव्याच्या रंगावर आणि चिन्हावर अवलंबून आहे. ब्रेकसाठी गाडीत एकापेक्षा जास्त दिवे असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे असतात.

कोणता दिवा काय सांगतो?

पिवळा दिवा, गोल चक्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषांचे कंस: ब्रेक पॅड झिजले आहेत.

लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह आणि बाजूला अखंड कंस: हँडब्रेक ओढलेला आहे, ब्रेक ऑइल कमी झालं आहे किंवा ब्रेकमध्ये बिघाड आहे.

पिवळा दिवा, गोलात 'एबीएस' ही अक्षरं: एबीएस यंत्रणेत दोष आहे. याचा पॅडच्या झिजेशी थेट संबंध नाही.

पॅडचा पिवळा दिवा लागला म्हणजे ब्रेक लगेच निकामी होतील असं नाही. पण काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

दिवा लागतो कसा?

डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात आणि घर्षणाने गाडी थांबते. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायची वेळ झाली.

सेन्सर असलेल्या गाडीत पॅडमध्ये एक बारीक वायर बसवलेली असते. थर ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की वायर चकतीला घासते, सर्किट बदलतं आणि दिवा लागतो. म्हणूनच अशा गाडीत पॅडसोबत घासलेला सेन्सरही बदलावा लागतो. काही गाड्यांत त्यानंतर स्कॅनर लावून दिवा रीसेट करावा लागतो.

माझ्या गाडीत हा दिवाच नाही, मग?

भारतातल्या अनेक छोट्या आणि मध्यम गाड्यांत पॅडचा सेन्सर नसतो. त्याऐवजी पॅडवर धातूची छोटी पट्टी असते. पॅड झिजला की ती चकतीला घासते आणि चिरका 'चीं' आवाज येतो. हाच तुमचा इशारा.

तोही दुर्लक्षित केला तर पुढे 'खर्र' असा आवाज येतो. म्हणजे थर संपला आणि पॅडची लोखंडी पाठ चकतीवर घासतेय. आता पॅडसोबत चकतीही जाते आणि खर्च बराच वाढतो. मुख्य म्हणजे गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

ब्रेक ऑइल टाकलं की झालं?

इथे अनेक जण फसतात. पॅड झिजले की कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि ती जागा भरायला ऑइल खाली उतरतं. टाकीतली पातळी कमी होते आणि लाल दिवा लागतो, विशेषतः वळणावर किंवा चढ-उतारावर.

अशा वेळी नुसतं ऑइल टाकलं की दिवा विझतो, पण पॅड झिजलेलेच राहतात. त्यामुळे पातळी 'मिन' खुणेजवळ दिसली तर आधी पॅड पाहा. पॅड चांगले असूनही ऑइल कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे.

घरच्या घरी काय तपासाल?

१. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का? लाल दिव्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं.
२. गाडी सपाट जागी लावून बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहा.
३. चाक थंड झाल्यावर मोबाइलच्या टॉर्चने रिममधून पॅड पाहा. बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही. कॅलिपरच्या पिना जाम असतील तर अनेकदा आतलाच आधी संपतो. शंका असेल तर चाक काढूनच तपासून घ्या.
४. पॅड जाड आहेत तरी पिवळा दिवा जात नाही? सेन्सरची वायर तुटलेली, कनेक्टरमध्ये चिखल-पाणी गेलेलं किंवा उंदराने वायर कुरतडलेली असू शकते.

छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. त्यातल्या लायनरसाठी दिवा नसतो, ते उघडूनच पाहावे लागतात.

वऱ्हाडात याचं महत्त्व का?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला की वेगही वाढतो. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबवताना ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोर अचानक कापसाची ट्रॉली वळली तर तेवढं अंतर फार मोलाचं असतं.

झीज मात्र हायवेपेक्षा गावात जास्त होते. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर दर मिनिटाला ब्रेक दाबावा लागतो. त्यामुळे 'गाडी इतके किलोमीटर चालली' यावरून पॅडचा अंदाज बांधू नका.

खरी परीक्षा चिखलदऱ्याच्या घाटात होते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर पॅड तापतात आणि पकड कमी होते. पातळ झालेला पॅड ही उष्णता कमी झेलतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं ऑइल तापलं की उकळतं आणि पेडल मऊ पडतं. म्हणून उतरताना खालचा गिअर ठेवा आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. पॅडचा दिवा लागला असेल तर घाटात जाऊच नका.

गाडी चालवायची की थांबवायची?

फक्त पिवळा दिवा असेल, पेडल नेहमीसारखं घट्ट असेल आणि आवाज नसेल, तर वेग कमी ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जा.

हँडब्रेक खाली असूनही लाल दिवा असेल, पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा खरखर येत असेल, तर बाजूला थांबा आणि गाडी टो करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

पॅड बदलताना एकाच चाकाचे बदलू नका, समोरच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबा. नवे पॅड बसेपर्यंत पहिले २००-३०० किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक मारू नका.