मानमोडीच्या मागनं जन्मलेली

माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. ‘मानमोडीच्या मागनं, माघात’ एवढंच ती सांगायची आणि गडहिंग्लज भागातल्या तिच्या पिढीला तेवढं पुरायचं. १९१८ साली पावसानं ओढ दिली, ज्वारी करपली आणि नवरात्राच्या सुमारास गावात ताप शिरला. अंग आणि मान मोडून काढणारा ताप. आजीच्या घरात तेव्हा दोन पोटुशी बाया होत्या. एक तिची आई, पाचव्या महिन्यातली. दुसरी धाकटी काकू, दिवस भरत आलेली. काकू तापाच्या तिसऱ्या दिवशी गेली, पोटातल्या बाळासकट. आई उठली, पण नुसती हाडं घेऊन. माघात आजी जन्मली ती ओंजळीत मावेल एवढी. सुपात कापूस अंथरून तिला चुलीच्या उबेला ठेवलं होतं. आईला दूध नव्हतं. शेजारच्या धनगराच्या घरातली एक बाई आपल्या लेकरासोबत तिला पाजायची. त्या बाईचा विषय निघाला की आजी नव्वदीतसुद्धा आधी पदर सारखा करायची आणि मग बोलायची.

लहानपणी ही आम्हाला एका घराची गोष्ट वाटायची. पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की देशभर प्रत्येक वाड्यावस्तीवर हीच गोष्ट घडली होती. इन्फ्लुएन्झाची साथ जून १९१८ मध्ये मुंबईत आली. पहिली लाट सौम्य होती, सप्टेंबरपासून आलेली दुसरी जीवघेणी. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं गेली असावीत, असे अंदाज आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. असं आपल्याकडे त्याआधी वा त्यानंतर झालेलं नाही. मेले ते मुख्यतः वीस ते चाळीस वयातले, त्यात बाया अधिक, आणि त्यांतही गरोदर बायांचे हाल सर्वांत वाईट. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात जन्मांची संख्याही खाली आली. आजीची काकू त्या मृत्यूंच्या हिशेबात असेल. तिच्या पोटातलं बाळ मात्र कुठल्याच रकान्यात नाही.

आजीची मुलगी, म्हणजे माझी आत्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. उभं आयुष्य तिनं बाळंतपणं केली. २०२० च्या पावसाळ्यात माझी भाची पुण्याला बाळंत झाली. दाखल होताना केलेली कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. तिला साधा खोकलाही नव्हता. बाळ जन्मलं आणि तिला न दाखवताच दुसऱ्या मजल्यावर नेलं. आईनं मोबाइलच्या पडद्यावर लेकीचं तोंड पाहिलं. दूध पिळून टाकून द्यायला सांगितलं होतं. ही बातमी गावी पोचली तेव्हा आत्या फोनवर ओरडली, ‘‘अगं, बाळ आईपाशी द्या म्हणावं! आमच्या सुवेरात दाराच्या आत कुणाला घेत नव्हतो, पण आई आन् लेकरू एकाच बाजेवर असायचं.’’

आत्याच्या त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. सुवेर पाळण्यात विटाळाची कल्पना होती आणि तिनं बायकांना खूप छळलं आहे. शेगडीच्या धुरात कोंडलेल्या बाळंतिणी आत्यानंच खिडक्या उघडायला लावून वाचवल्या होत्या. जुनं ते सगळं शहाणपणाचं, असं ती कधी म्हणाली नाही. पण प्लेगात गाव ओस पाडून लोक रानात खोपट्या बांधून राहिले, तेव्हाही बाळंतिणीची खोपटी वेगळी असली तरी बाळ तिच्या कुशीत असायचं, असं तिनं तिच्या सासूकडून ऐकलं होतं. बाहेरच्या जगाला लांब ठेवायचं आणि त्या दोघांना एकत्र, एवढा भाग त्या रिवाजात खरा होता.

२०२० च्या सुरुवातीला डॉक्टरांना दोष द्यावा अशी परिस्थिती नव्हती. फेब्रुवारीत वुहानमधून बातमी आली, की जन्मानंतर तीस तासांनी एका बाळाची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. चीनमध्ये बाधित आईपासून बाळ चौदा दिवस वेगळं ठेवायचं, दूध द्यायचं नाही, असं ठरलं. भीती रास्त होती. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी असते, श्वासनलिका बारीक असते. पण जागतिक आरोग्य संघटना पहिल्यापासून सांगत होती, की आईनं मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला पाजावं. आपल्याकडच्या नवजात तज्ज्ञांच्या संघटनेनंही आईची तब्येत बरी असेल तर दोघांना एकत्रच ठेवा, असं सांगितलं होतं. ते अनेक वॉर्डांपर्यंत पोचायला मात्र महिने गेले.

मग आकडे येत गेले आणि आत्याचं म्हणणं खरं ठरत गेलं. बाधित मातांच्या चौदा हजारांहून अधिक बाळांची माहिती एकत्र करणाऱ्या अभ्यासात दोन टक्क्यांहून कमी बाळं पॉझिटिव्ह निघाली. अठरा देशांतल्या दुसऱ्या अभ्यासात हे प्रमाण बरंच जास्त, १३ टक्क्यांच्या घरात होतं. पण अंगावर पाजण्याशी त्याचा संबंध तिथंही आढळला नाही. बाधित आयांच्या दुधाचे नमुने तपासले तेव्हा त्यांत वाढू शकणारा जिवंत विषाणू सापडला नाही, उलट त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं सापडली. ज्या बाळांना संसर्ग झाला त्यांतल्या बहुतेकांना जन्मानंतर, श्वासाच्या वाटेनं झाला होता. थोडा ताप, नाक चोंदणं, पिताना दमणं, आणि बहुतेक बाळं बरी होऊन घरी गेली. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक हिशेब मांडला. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सगळीकडे पोचली तर सव्वा लाखाहून अधिक जीव वाचतील. त्या जवळिकीतून कोविड होऊन दगावणारी बाळं दोन हजारांहून कमी असतील.

पण ‘बहुतेक’ या शब्दाबाहेर राहिलेली बाळंही आपलीच होती. पुण्याच्या ससून रुग्णालयात मे २०२० च्या अखेरीस एक मुलगी जन्मली. आईची चाचणी निगेटिव्ह होती. बाळाच्या नाकातला स्वॅब, वार आणि नाळ मात्र पॉझिटिव्ह आली. बाळाला ताप चढला, अंगभर दाह पेटला. डॉ. आरती किणीकर यांच्या चमूनं तिला बरं करून घरी पाठवलं. गर्भातच, वारेतून विषाणू बाळापर्यंत पोचल्याची भारतातली ही पहिली नोंद मानली जाते.

आणि कोल्हापूर. माझ्या माहेरच्या जिल्ह्याचं नाव मी एका वैद्यकीय नियतकालिकात वाचेन असं वाटलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वीस नवजात बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. या बाळांना आईचा कोविड लागला नव्हता. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून त्यांच्यात उतरली होती आणि त्यानंतर हृदयाला, रक्तवाहिन्यांना सूज आली होती. वीसपैकी अठरा बाळांच्या हृदयावर परिणाम दिसला, दोन बाळं गेली. मोठ्या मुलांमध्ये कोविडनंतर दिसणाऱ्या दाहाचंच हे नवजात रूप. आई महिन्यापूर्वी आजारी होती, हे विचारलं नाही तर बाळाच्या मंद ठोक्यांचं कारण सापडणार कसं? जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरांनी ते विचारलं, जुळवलं आणि जगाला सांगितलं, याचा मला अभिमान आहे.

बाळांचं सर्वांत मोठं नुकसान मात्र आईच्या आजारातूनच झालं. आईला कोविड झाला की दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सगळे धोके तिथून सुरू होतात. काही जणींमध्ये विषाणूनं वारेवरच हल्ला केला. तिथला रक्तपुरवठा आटला आणि बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या लाटेत, डेल्टाच्या दिवसांत, असे मृत जन्म वाढले. मुंबईच्या नायर रुग्णालयात पहिल्या लाटेपेक्षा दुसऱ्या लाटेत बाधित गरोदर बायांच्या मृत्यूचं प्रमाण कितीतरी पटींनी वर गेलं. आणि आपल्याकडे गरोदर बायांना लस घेण्याची मुभा मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, ती लाट ओसरताना. आईला लस दिली की तिची प्रतिपिंडं बाळाला पहिले काही महिने सांभाळतात, हे पुढे अमेरिकेतल्या आकडेवारीनं दाखवलं. आपल्या कितीतरी बाळंतिणींना ती वेळेत मिळाली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्या लाटेत आया गेलेल्या बाळांना कुणी पाजलं असेल? आजीला धनगराच्या घरातली बाई मिळाली होती. तेच काम करायला मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. अशी पेढी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आजी आयुष्यभर ठेंगणी, किरकोळ राहिली. चार वर्ग शिकून तिनं शाळा सोडली. यातलं मानमोडीमुळे किती आणि दुष्काळ, गरिबी, बाईपणामुळे किती, हे एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही. पण लाखो माणसांच्या बाबतीत कुणीतरी ते शोधलं. २००६ मध्ये डग्लस आल्मंड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या जनगणनेच्या नोंदींवरून दाखवलं, की १९१८ च्या साथीच्या काळात आईच्या पोटात असलेली पिढी मोठेपणी आधीच्या-नंतरच्या पिढ्यांपेक्षा मागे पडली. ज्यांच्या आयांना त्या साथीची बाधा झाली, त्यांची शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता १५ टक्क्यांपर्यंत कमी होती, अपंगत्व अधिक. त्याच्या हिशेबावर नंतर आक्षेप आले, परिणाम एवढा मोठा नसावा असं काहींनी मांडलं. तरी मूळ मुद्दा कुणी पुरता खोडलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. पोटातले महिने पुढच्या मधुमेहाची वाट आखून ठेवतात, हे आपल्याच मातीतल्या बाळांवरून तिथं दिसलं.

कोविडच्या बाळांबद्दलचं चित्र अजून पूर्ण झालेलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पाहिलं, तर गरोदरपणी बाधित झालेल्या आयांच्या मुलांत पहिल्या वर्षात हालचाली किंवा बोलण्यातल्या उशिराचं निदान ६.३ टक्क्यांना झालं, इतरांत ३ टक्क्यांना. न्यूयॉर्कच्या अभ्यासात सहाव्या महिन्यात बाधित आणि अबाधित आयांच्या बाळांत फरकच दिसला नाही. पण दोन्ही गट साथीच्या आधी जन्मलेल्या बाळांपेक्षा किंचित मागे होते. बंद घरं, एकट्या पडलेल्या आया, नातलगांचा हात नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. बाळ वाढायला माणसं लागतात.

भाचीची मुलगी आज शाळेत जाते, खणखणीत बोलते, मला दटावते. तिच्या वयाची सगळीच मुलं अशी असतील असं धरून चालू नका. २०२० किंवा २०२१ मध्ये तुमच्या घरी बाळ जन्मलं असेल आणि गरोदरपणी आईला कोविड झाला असेल, तर त्या वेळची फाईल, डिस्चार्ज कार्ड, चाचणीचा कागद फेकू नका. मुलाला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा हे आवर्जून सांगा. बोलणं, ऐकणं, चालणं, अभ्यासात लक्ष लागणं यांत काही खटकलं तर ‘होईल मोठं झाल्यावर’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी होते, आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढचे उपचार मोफत मिळतात. तपासणीच्या दिवशी मुलाला शाळा चुकवू देऊ नका, आणि त्याच्या जन्माची हकीकत तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.