फुसफुसणारा आर्क : अंगणातला एक बिघाड आणि हर्था आयर्टन

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, प्रयोग चालतच नसेल तर काय करायचं?" नेहमी मी लॅबमधलं उदाहरण देते. आज मात्र घरच्या अंगणातलं देते आणि त्यासोबत सव्वाशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. दोन्हींत बिघाड जवळपास एकच होता.

माझं गाव चांदूर रेल्वे. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. दुसरं ते चांदूर बाजार. आमच्या नावाला रेल्वे चिकटली ती जीआयपी कंपनीच्या नागपूर मार्गामुळे. हा मार्ग 1867 साली नागपूरला पोचला. तर मे महिन्यात सुट्टीला घरी गेले, तेव्हा बाबांच्या जुन्या गाडीचा फ्लोअर गंजून पायाखाली भोक पडलं होतं. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून बाबा म्हणाले, "विकून टाकतो भंगारात." ती गाडी जावी असं मला वाटत नव्हतं. चुलतभावाकडे घरगुती वापराचं लहान मिग वेल्डिंग मशीन होतं. म्हटलं, आपण फिजिक्सवाले, आपल्याला काय अवघड!

मग काय, पहिल्या दिवशी जोडावर नुसती भोकं. मोहरीच्या दाण्याएवढी, चाळणीसारखी. आर्कचा आवाजही बिघडलेला. मिग नीट चालतं तेव्हा तव्यावर काही तळल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो, कारण तारेचं टोक वितळलेल्या धातूला सेकंदात कितीतरी वेळा टेकतं आणि तुटतं. माझ्याकडे नुसतं फुस्स-फट्, फुस्स-फट्.

मी काय केलं? व्होल्टेज वाढवलं, तारेचा वेग कमी केला, अर्थ क्लॅम्पखालचा रंग घासला आणि गॅसही वाढवला. सगळं एकदमच. भोकं तशीच. दिवस वाया गेला आणि वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या की सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि नाही सुधारलं तर एका बदलाने दुसऱ्याचा फायदा खाल्ला का, तेही कळत नाही.

लंडनमधली फुसफुस

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या रस्त्यांवर कार्बन आर्कचे दिवे होते. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत. प्रकाश झकास, पण दिवा मधूनच लुकलुकायचा आणि फुसफुसायचा. करंट एका मर्यादेपुढे वाढवला की फुसफुस सुरू होते आणि त्याच क्षणी व्होल्टेज एकदम पडतं, एवढं सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे दोष करंटचा, असं मानणं सोपं होतं.

हर्था आयर्टन या प्रश्नात शिरल्या त्या 1893 च्या सुमारास. त्यांचे पती विल्यम आयर्टन आर्कवर काम करत होते. त्यांच्या लेखाची हस्तलिखित पानं चुकून जळून गेली. तेव्हा बॅकअप नावाचा प्रकार नव्हता. हर्थाबाईंनी काम हातात घेतलं आणि प्रयोग पहिल्यापासून केले.

त्यांनी आर्ककडे नुसतं मीटरमधून पाहिलं नाही. कार्बनच्या टोकाचा आकार पाहिला, त्याची चित्रं काढली. पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला एक तापलेला खड्डा तयार होतो. करंट वाढला की तो पसरतो, आणि टोकावर मावेनासा झाला की कांडीच्या बाजूवर चढतो. तिथे त्याला बाहेरची हवा भिडते. मग त्यांनी हवा बंद करून पाहिली. बंदिस्त आर्कमध्ये करंट वाढवूनही व्होल्टेजची ती अचानक घसरण दिसेना. आत ऑक्सिजन सोडला की ती परत आली. म्हणजे करंट दोषी नव्हता, त्याने फक्त हवेला वाट करून दिली होती.

1899 साली त्यांनी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनियर्ससमोर हा निबंध वाचला. तिथे स्वतःचा निबंध स्वतः वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 1902 मध्ये 'द इलेक्ट्रिक आर्क' हे त्यांचं पुस्तक आलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या फेलोशिपसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं आणि नाकारलं गेलं. कारण, त्या विवाहित होत्या! पुढे 1906 मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं.

हवेशी भांडण

वेल्डिंगचा इतिहास म्हणजे हवेला दूर ठेवण्याचा इतिहास, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. 1880 च्या दशकात रशियात निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बन आर्कने लोखंड जोडलं. जोड व्हायचा, पण वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन-नायट्रोजन शिरून तो ठिसूळ पडायचा. स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग जहाजांचे बॉयलर दुरुस्त करत. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धातूच्या रॉडवर लेप चढवला. तो जळताना गॅस आणि मळीचं कवच तयार होतं. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आजही तोच रॉड चालतो.

1948 साली अमेरिकेत बॅटेल संस्थेत पुढची पायरी आली. लेपाऐवजी सतत पुढे सरकणारी तार आणि तिच्याभोवती निष्क्रिय गॅस. हेच मिग. पण आर्गॉन-हीलियम महाग. 1953 मध्ये सोव्हिएत संशोधक ल्युबाव्स्की आणि नोवोझिलोव यांनी पोलादासाठी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला. हा गॅस निष्क्रिय नाही, आर्कच्या उष्णतेत तो फुटतो आणि ऑक्सिजन सुटतो. म्हणून तारेत सिलिकॉन आणि मँगनीज घालतात, ते ऑक्सिजन पकडतात. जोडावर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. काटेकोर बोलायचं तर कार्बन डायऑक्साइड वापरला की ते 'मॅग' झालं, पण बाजारात सगळेच मिग म्हणतात.

परत अंगणात

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली. एका वेळी एकच बदल. आधी पोलॅरिटी तपासली, कारण गॅससोबतच्या साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्हला लागतो आणि बिनगॅसच्या फ्लक्स भरलेल्या तारेला बहुतेक वेळा निगेटिव्हला. ती बरोबर होती. मग लक्षात आलं, सकाळचे जोड चांगले येतात आणि दुपारचे भोकाळ. मल्टिमीटर लावला, तर दुपारी घरातलं व्होल्टेज पडलेलं. वाटलं, सापडलं!

तेवढ्यात शेजारचे वेल्डिंगवाले काका डोकावले. पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुह्या आर्काले हवा लागून राह्यली. तो कूलर कायले चालू ठेवला?"

मी हसले. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत कूलर लागणारच. पण मग वही पाहिली. दुपारी दोन गोष्टी एकत्र बदलत होत्या, व्होल्टेज आणि कूलर. नुसतं सकाळ-दुपार पाहून दोन्ही वेगळे होणार नव्हते. म्हणून चार तुकडे जोडले: सकाळी कूलर बंद, सकाळी कूलर चालू, दुपारी बंद, दुपारी चालू. भोकं आली ती फक्त कूलर चालू असतानाच. कमी व्होल्टेजने जोड थोडा उंच आणि अरुंद आला, पण भरीव होता. काका बरोबर होते, आणि आता ते वहीतही होतं.

इथे एक सावधगिरी. हर्थाबाईंच्या आर्कमध्ये गुन्हेगार ऑक्सिजन होता. माझ्या जोडातली भोकं मुख्यतः नायट्रोजनची असणार. तो वितळलेल्या पोलादात विरघळतो आणि धातू गोठताना बुडबुडे होऊन बाहेर पडतो. म्हणजे जुन्या संशोधनाने मला प्रश्न दिला, उत्तर नाही. तुम्ही वाङ्मय-आढावा लिहाल तेव्हा हा फरक विसरू नका.

तुमचा प्रयोग अडला असेल तर आज तीन गोष्टी करा. कोणत्या दोन गोष्टी नेहमी सोबतच बदलतात ते वहीत शोधा. त्यांना मुद्दाम वेगळं करा. आणि रोज ते यंत्र चालवणाऱ्या माणसाला पाच मिनिटं शेजारी उभं करा.

फ्लोअरला पत्रा लागला, बरं का. बॅटरी काढून, आतलं कारपेट काढून आणि पाण्याची बादली जवळ ठेवून, कूलर बंद, घामाच्या धारा. बाबांनी पायाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे मंग अजून दोन-चार वर्षं."